शटर बंद असताना आलेली तीन टोकं

आधीच सांगते, मी फिजिक्सवाली आहे. असले अनुभव सांगणाऱ्यांना आजवर मी तोंडावर वेड्यात काढलंय. आज तुम्ही मला काढा, चालेल.

गाव कारधा, भंडाऱ्यासमोर, वैनगंगेच्या काठावर. आम्ही ढिवर, मासेमारी करणारे. मागच्या पावसाळ्यात बाबा नदीत गेले. त्यांची डोंगी, म्हणजे छोटी होडी, रिकामी काठाला लागली... बाबा नाही, जाळंही नाही.

मी बाहेरगावी एका लेझर लॅबमध्ये काम करते. क्षणाच्या अगदी बारीक तुकड्यापुरता प्रकाशाचा झोत आर्गॉन वायूतून सोडायचा आणि बाहेर पडताना तो किती बदलला ते मोजायचं. सुट्टीत हे सगळं मी घरून लॅपटॉपवर चालवते. यंदाच्या पावसाळ्यात घरी आले होते, एका दुपारी लेझरचं शटर बंद केलं. म्हणजे प्रकाशच नाही, पडद्यावर सरळ रेघ हवी. पण रेघेवर टोकं उमटली! दोन जवळजवळ, मग खंड, मग एक. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

दादानं वाकून पाहिलं आणि पांढराफटक पडला. "सुमे, हे तं बाबाचं बडवणं होय!"

खरंच की! डोंगीत उभं राहून बाबा काठीनं पाणी असंच बडवायचे — धप धप... धप.

"बाबा बोलावून राहिले मले," दादा म्हणाला आणि काठाकडे धावला.

"अरे बाप्पा, नको जाऊ रे, नदी चढून राहिली!" आई मागून ओरडत राहिली. तो थांबला नाही.

संध्याकाळी दादाचा देह सापडला... बाबांच्या त्याच हरवलेल्या जाळ्यात गुंडाळलेला. जाळ्याच्या गाठी आईनं ओळखल्या.

ती रडलीसुद्धा नाही. मला म्हणाली, "पाणी कोणाले बोलवाले नाही बडवत, पोरी. मासे जाळ्यात हाकलाले बडवते."

लॅबमधले सर म्हणतात, इलेक्ट्रॉनिक नॉइज असेल. डोंबलाचा नॉइज! सगळ्या वायरी बदलून झाल्या, डिटेक्टर बदलून झाला.  मला राग आहे, बाबांचा, पोटभर.

काल पुन्हा शटर बंद केलं. दोन टोकं, खंड, एक टोक. लॅपटॉप मिटायच्या आत आई मागे येऊन उभी राहिली होती. तिनं पडदा पाहिला.

मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "सुमे, डोंगी कोठी बांधली वो?"