झोपलेला समुद्रतारा

गेल्या उन्हाळी सुट्टीत सांगलीत मत्स्यालयाचं प्रदर्शन लागलं होतं. तिथं मुलांना समुद्रविज्ञान ‘हाताळून’ शिकवायला मला बोलावलं. मी मिरजेच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई. आयोजक पूर्वी लग्नाचे मांडव घालायचा. त्यात काही वाईट नाही. पण मत्स्यालयही त्यानं मांडवासारखंच घातलं होतं. समोरून झगमगाट, मागून सुतळी.

मुलांनी हात घालायच्या हौदात नुसतं बोअरचं पाणी ओतू नका, समुद्री मीठ कालवून घाला, असं मी त्याला आधीच बजावलं होतं.

“मॅडम, तुमी काळजीच करू नका,” तो म्हणाला. असं म्हणणाऱ्या माणसाचीच काळजी करावी, एवढं मी नोकरीत शिकले होते.

पहिल्या दिवशी हौदाभोवती मुलं जमली आणि प्रत्येकामागे फोन धरलेले आईबाप. “बेटा, स्टारफिश हातात घे. इकडं बघ, स्माइल!” पोरं प्राण्याकडं बघतच नव्हती. मी तोंड उघडायच्या आत एका वडिलांनी विचारलं, “सर्टिफिकेट आजच मिळणार ना?”

मी हौदातला थेंब जिभेला लावला. चक्क गोडं पाणी! समुद्रतारा उचलला, तर तो भिजलेल्या पोळीसारखा हातातून लोंबला.

कवठे महांकाळहून मावशीकडं सुट्टीला आलेली एक मुलगी सगळ्यांच्या पुढं घुसली होती. तिनं विचारलं, “बाई, ह्यो हलत का न्हाई?”

आयोजक लगबगीनं पुढं आला. “झोपलाय त्यो, बाळ. समुद्रातली जनावरं दुपारची झोपत्यात.”

“मेलाय,” मी म्हणाले.

एक पोरगा रडायला लागला. त्याची आई माझ्यावर उखडली, “लहान मुलांसमोर असं बोलतात का?” मेलेलं जनावर पोराच्या तळहातावर ठेवून तिनं आत्ताच फोटो काढला होता. ते चालत होतं. त्याला मेलेलं म्हणणं मात्र असभ्य.

मी पर्समधून भिंग आणि छोटी कात्री काढली. “ज्यांना बघायचंय त्यांनी थांबा.” बहुतेक आईबापांनी पोरांना ओढत मत्स्यालयाच्या काचेच्या बोगद्याकडं नेलं. तिथली रोषणाई फोटोत छान येत होती. चार-पाच पोरं उरली. मी समुद्रतारा उलटा केला, मधोमध असलेलं तोंड दाखवलं, हातांखालचे बारीक नळीसारखे पाय भिंगातून दाखवले. मग त्याचा एक हात कात्रीनं उभा उघडला.

“रक्त कुठाय?” त्या मुलीनं विचारलं.

“आपल्यासारखं रक्त नसतं त्याला. समुद्राचं पाणीच आत घेऊन तो अंगभर फिरवतो.”

तिनं हौदात बोट बुडवून चाटलं. “मग बोअरच्या पाण्यानंच मेला म्हणा की!”

असा धागा जोडून दाखवणारा विद्यार्थी माझ्या वर्गात क्वचितच भेटला. मला इतका आनंद झाला, की आयोजक कानाशी येऊन कुजबुजतोय हे आधी कळलंच नाही.

“मॅडम, उद्यापास्नं येऊ नका. लोकं नाराज व्हत्यात.”

“लोकांचं सोडा. हौदातले खेकडे अजून जिवंत आहेत, त्यांना तरी खारं पाणी द्या.”

“बघतो की,” तो म्हणाला. बघणार नव्हताच.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या काकू नातवाला घेऊन तिथं जाऊन आल्या. हौदात आता रबरी समुद्रतारे आणि रबरी खेकडे होते. “नातू लय खूश,” त्या म्हणाल्या, “आणि किती स्वच्छ हो! वास म्हणून नाही.”

मी त्यांना चहा दिला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.