वस्तादांचा बाद डोळा

शिवाजी पेठेतल्या तालमीचे वस्ताद माझे शेजारी. स्टेरॉइड घेणाऱ्या पैलवानाला ते दारातूनच हाकलत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मीच त्यांच्याबरोबर गेलो होतो.

डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला शुगर आहे. आत पडद्याला सूज येऊ नये म्हणून ऑपरेशनमध्येच डोळ्यात औषधाची बारीक कांडी सोडतो. काही महिन्यांत विरघळते."

"कसलं औषध?"

"स्टेरॉइड."

वस्ताद उठलेच. "माझ्या अंगात? न्हाय जमायचं!"

नजर अधू होईल म्हटल्यावर कसेबसे बसले. "पर कांडी विरघळूस्तवर ह्यो डोळा बाद!"

डोळा लख्ख झाला. तरी तालमीत पंच म्हणून उभे राहिले, की ते त्याच डोळ्यावर तळहात ठेवत आणि दुसऱ्या, अजून मोतीबिंदू असलेल्या डोळ्यानं कुस्ती बघत.

मी समजावलं, तर म्हणाले, "झकास दिसतंय व्हय. पर औषध घेऊन दिसतंय की!"

परवा त्यांनी चीतपट झालेल्याचाच हात वर केला.

"वस्ताद, मी पडलोय," तो ओशाळून म्हणाला आणि त्यानंच जिंकलेल्याचा हात वर धरला.

वस्ताद खूश झाले. टाळीसाठी डोळ्यावरचा हात काढावा लागला असता, म्हणून त्यांनी दुसऱ्या हातानं जोरात मांडी ठोकली.