आजोबांना भेटायला कुठे जायचं

प्रिय मैत्रेयी आणि सम्यक,

वाचताना अडाल तिथे बाबाला विचारा. गेल्या रविवारी फोनवर सम्यकने विचारलं, "आजी, डिसेंबरमध्ये पुण्याला आलो की आजोबांना भेटायला कुठे जायचं?" मी शाळेचा विषय काढला आणि उत्तर टाळलं. आजोबांनी देहदान केलं, एवढं तुम्हाला माहीत आहे. त्याबद्दल मला शांतपणे बोलता येईल अशी माझी समजूत होती, कारण जन्मभर तोच माझा विषय होता. तोंडी जमलं नाही, म्हणून लिहिते.

परभणीहून मी पुण्याला निघाले तेव्हा आई एसटी स्टँडवर आली होती. मानवी शरीररचनेत मला एम.एस्सी. करायची होती, तीही संशोधनाची. म्हणजे तास थोडे आणि प्रबंध मोठा. हे तिला समजावेपर्यंत गाडी लागली.

"म्हंजी मेलेल्या माणसावर शिकायचं?"

"हो."

"कुणाचं माणूस?"

"बेवारस असतात, आई."

गाडी हलली तरी ती खिडकीबरोबर चालत होती. "बेवारस कसं गं? कुणाचं तरी असंलच की!"

सदाशिव पेठेत खोली मिळाली. घरमालकीणबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं, "अहो, तो कॉलेजातला वास जिन्याखाली ठेवून वर येत जा. आमच्याकडे वास चालत नाही. सुकटीचा नाही, आणि तुमचाही नाही." मी रोज खालच्या नळावर कोपरापर्यंत हात धुऊन वर जायची. तरी फॉर्मॅलिनचा वास नखांत राहायचाच.

माझा प्रबंध तळहातातल्या धमन्यांवर होता. त्या कमानीसारख्या एकमेकींना मिळतात, पण प्रत्येकाच्या हातात थोड्या वेगळ्या. बरेच महिने मी एका म्हाताऱ्या बाईंच्या हातांवर काम केलं. नाव विचारायची किंवा ठेवायची रीत विभागात नव्हती. सुट्टीत घरी गेले तर आईने मला आधी आंघोळीला पाठवलं, आणि मग भाकरी थापता थापता विचारलं, "त्या बाईचे हात कसे हायेत?"

"तुझ्यासारखे," मी म्हणाले. "विळ्याचे घट्टे आहेत."

 तव्यावरची भाकरी करपली.

प्रबंध संपल्यावर विभागाने त्या बाईंवर अंत्यसंस्कार केले. मी हजर होते, आणि तसं घरी कळवलं. पुढचं मला शेजारच्या काकूंकडून समजलं. आईने पांढरं लुगडं नेसलं, बायकांना बोलावलं, मेणबत्ती लावून त्रिशरण म्हटलं आणि खीर वाटली.

"कोण गेलं?" काकूंनी विचारलं.

"आमच्यातली होती."

"नाव काय?"

"नाव पुण्याच्या लोकांनी इचारलं न्हाई. तू खीर खा."

त्या दिवसानंतर तिने मला कधी आंघोळीला पाठवलं नाही.

आई गेली तेव्हा मी इथे, त्याच विभागात शिकवत होते, मुलांची परीक्षा घेत होते. परभणीला पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. त्यामुळे मुलांनो, उशीर होणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. आजोबांच्या वेळी तुमच्यासाठी थांबता आलं नाही. देह काही तासांत द्यावा लागतो. कॉलेजच्या गाडीचं दार बंद होताना बाबाने मेलबर्नहून मोबाइलवर पाहिलं. 

आजोबा आता माझ्याच जुन्या विभागात आहेत. तिथली मुख्य माझी विद्यार्थिनी. "मॅडम, कधीही या," म्हणाली. मी एकदा जिन्यापर्यंत जाऊन परत आले. इतर बायकांना नवरा गेल्याचं दुःख असतं, मला पुढचा अभ्यासक्रमही पाठ आहे. सुरुवात हातांपासून होते. दिवाळीच्या सुट्टीआधी हात संपतात. या दिवाळीत मी दिवा लावला, पण फराळाचं काही केलं नाही.

त्यांच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी होती. मुलं ती पाहून जुनं फ्रॅक्चर म्हणतील आणि पुढे जातील. कारण त्यांना कळणार नाही, तुम्हाला सांगते. बाबाला सायकल शिकवताना आजोबा मागून पळत होते. बाबा सुटला, ते पडले. बोट सुजलं तरी त्यांनी घरी सांगितलं नाही, कारण बाबाने पुन्हा सायकलला हात लावला नसता. हाड वाकडंच जुळलं. हे बाबालाही आज, हे वाचतानाच कळेल.

सम्यक, समाधी नाही, आणि रक्षाही मिळणार नाही. परभणीचं घर कधीच दुसऱ्यांचं झालं. पुण्याला मी इतकी वर्षं 'इथे' म्हणत आले, 'घरी' म्हणायला लागले ती आजोबा गेल्यावर. डिसेंबरमध्ये तुम्ही वारज्याला, माझ्याकडे या. आजोबांचा देह अजून याच शहरात आहे. मी आहे. दारावरची पाटी अजून दोघांच्या नावाची आहे.

तुमची आजी