पाणलाव्याचा नर
काल बायकोच्या औषधाची बाटली संपली, तेव्हा रिकाम्या बाटलीत मी सहज फुंकर मारली आणि ऐंशी सालच्या सुमाराचा एक रविवार आठवला. तेव्हा मी जवाहरनगरच्या कारखान्यात होतो. आठवडाभराच्या ड्युटीने अंग आंबलेलं, तरी ताप आलेल्या मुलीला बायकोजवळ सोडून मी सायकलने धानाच्या बांध्यांकडे, भातखाचरांकडे गेलो, कारण असाच बाटलीत फुंकल्यासारखा घुमणारा एक पक्षी तीन आठवडे नुसता ऐकू येत होता, दिसत नव्हता. उन्हं कलल्यावर तो घुमत धुऱ्यावर, खाचराच्या बांधावर आला. तांबूस गळा, डोळ्याभोवती पांढरं कडं. मी मोठ्याने म्हणतच पक्ष्यांच्या वहीत लिहिलं : पाणलावा, नर. सकाळपासून चिखलात वाकून धानाच्या रोपांचं रोवणं करणारी एक बाई कमरेवर हात ठेवून सरळ झाली. "थो नर नाही, भाऊ. मादी हाय, अशीच गावभर बोंबलत फिरते. नर तिकडे अंड्यावर बसून रायला, म्हणून थो कोपरा आम्ही रोवला नाही." तिथल्या गवतात एक मातकट पक्षी निमूट बसलेला होता. मी 'नर' खोडून 'मादी' केलं. घरी आलो तेव्हा मुलगी बायकोच्या मांडीवर झोपली होती, आणि बायकोने कुठे होतात एवढंही विचारलं नाही. आता आजारी बायकोच्या उशाशी दिवसभर मी बसून असतो. का बसता, तेही ती विचारत नाही.