एकटीला बसवा

एका खासगी क्लासमध्ये भूमिती शिकवणाऱ्या बाई तिथे अकरा वर्षं टिकल्या, त्या तोंड बंद ठेवल्यामुळे. पुढे चाळीस मुलांची खोली, मागे जादा फीच्या एकट्या शिकवणीसाठी प्लायवूड ठोकून केलेल्या तीन केबिन. पुढे प्रमेय शिकवायचं, पण गणित सुटतं कुठून ते अर्धवट सोडायचं. अडलेली मुलं मग आपोआप मागे येतात, असं क्लासच्या मालकांचं शास्त्र. "सगळं ताटात वाढू नका, मॅडम," ते हसत म्हणायचे. त्यांना सगळे सर म्हणत. शिकवताना मात्र कुणी कधी पाहिलं नव्हतं.

एकदा एक शिंपी आले. त्यांच्या मुलीचे मार्क घसरले होते. "हिला ग्रुपमध्येच ठेवू की एकटीला शिकवणी लावू? तुम्ही म्हणाल तसं."

सरांनी बाईंकडे नुसतं पाहिलं.

"गर्दीत तिचं लक्ष लागत नाही," बाई सराईतपणे म्हणाल्या. "एकटीला बसवा."

खरं तर ती मुलगी शेजारणीला समजावता समजावता स्वतः शिकायची. बाईंना ते चांगलं ठाऊक होतं.

केबिनला खिडकी नव्हती. ओल्या प्लायवूडच्या वासावर सर सुगंधी फवारा मारायचे, त्याने उलट मळमळायचं. मुलगी तिथे गप्पच झाली. "समजलं?" विचारलं की "हो", आणि वही कोरी. दुसऱ्या आठवड्यात तिची नखं कुरतडून लाल झालेली दिसली.

"मॅडम, मी ढ आहे का?"

"छे गं," बाई म्हणाल्या. तो आवाज त्यांना सरांसारखाच गुळगुळीत वाटला. तेवढ्यात सरांनी दारातून डोकं आत घातलं. "हिचे तास वाढवायला सांगा घरी."

त्या दिवशी बाई क्लास सुटल्यावर थेट शिंप्यांच्या दुकानात गेल्या. "तिला परत ग्रुपमध्ये बसवा. तिला बरोबरीची मुलं लागतात. ग्रुपला आम्ही मुद्दाम अर्धं शिकवतो, म्हणून मार्क घसरले. उद्यापासून मी पूर्ण शिकवीन."

शिंप्यांनी मशीन थांबवलं. "हे तेव्हा का नाही बोललात?"

बाई दुकानाची पायरी उतरल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चाळीस मुलांपुढे सगळं शिकवलं, राखून ठेवलेलं सुद्धा. सरांनी बोलावून घेतलं. "थकलात तुम्ही. विश्रांती घ्या." निरोप देताना त्यांनी हात पुढे केला. बाईंनी तो हातात घेतला नाही.

आता त्या घरी, जेवणाच्या टेबलाभोवती सहा मुलांना एकत्र शिकवतात. कुणी अडलं तर शेजारच्याने सांगायचं, मग बाईंनी. मुलीला पाठवाल का, हे विचारायला त्या स्वतः शिंप्यांकडे गेल्या होत्या.

"नको," ते खाली मान घालून कापड कापत म्हणाले. "ती मावशीकडे शिकते आता."

बाईंना त्यांचा राग आला नाही. अकरा वर्षांत असं किती जणांना आपण मागच्या केबिनमध्ये पाठवलं, ते आठवायला लागलं की त्यांना आजही जेवण जात नाही.