बाईंचा आवाज गेल्यावर

कणकवलीत बाजारामागच्या एका माडीवर आमचा कथकचा क्लास भरतो. मी ओरोसला सरकारी कचेरीत नोकरी करते. मुलं मोठी झाल्यावर, चाळिशीत, नाच शिकायला गेले. क्लासमध्ये कुणी शाळकरी, कुणी माझ्यासारख्या संसारी. सगळ्यांचं लक्ष मात्र शिकवणाऱ्या बाईंकडे. त्या टाळी देत बोल म्हणायच्या, ता थै थै तत्, आणि त्या आवाजावर आमचे पाय पडायचे. शिकवताना त्यांची भाषा पुस्तकी असे. कुणी चुकली की मालवणी. "गो, पाय हंय आसत, मन खंय आसा?"

मग बाईंच्या गळ्यात गाठ निघाली. गोव्याला ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तोंडाजवळ कान नेला तरच शब्द कळायचा.

थोड्या दिवसांनी क्लासच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज आला, 'क्लास बंद करत आहे. सर्वांनी दुसरीकडे शिकावे.' संध्याकाळी मसुऱ्याहून क्लासला येणाऱ्या मैत्रिणीचा फोन आला. भात, काजू, गुरं, सगळं सांभाळून येणारी ही बाई एरवी फार बोलत नसे. म्हणाली, "बाईंक इचारूक नको. शनवारी जावन उभ्या रवया."

शनिवारी आम्ही खालच्या दुकानातून माडीची चावी घेतली आणि नाचायला उभ्या राहिलो. मैत्रिणीनं टाळी धरली, मी बोल म्हटले. लय पळाली. कोण चुकलं यावरून कुजबुज सुरू झाली. मैत्रिणीनं एकीला सांगितलं, "तुजो हात खाली पडता." ती फणकारली, "तू कोण सांगणारी? तू काय बाई झालंस?" तिनं घुंगरू सोडले आणि ती निघून गेली. नंतर मैत्रीण आणि मी तिच्या घरीही जाऊन आलो. तिनं चहा केला, मुलांचं विचारलं, क्लासचा विषय काही निघू दिला नाही. ती परत आली नाही.

ती गेली त्या संध्याकाळी आम्ही लादीवर तशाच बसून राहिलो. मैत्रीण हळूच म्हणाली, "आमी इतकी वर्सां बाईंकडेच बघीत रवलंव. एकमेकींकडे कदी बघूकच नाय."

पुढच्या शनिवारपासून आम्ही गोल करून उभ्या राहू लागलो. समोरचीचे पाय बघायचे, शेजारणीचा हात पडला तर बोलायचं नाही, नुसता उचलून द्यायचा. हळूहळू लय ठरायला लागली.

असंच एकदा बोल म्हणत असताना बाई दारात दिसल्या. जिना चढून दम लागला होता, गळ्याला ओढणी गुंडाळलेली. मी थांबले. त्यांनी हातानंच 'चालू दे' म्हटलं. त्यांचे बोल त्यांच्याच समोर म्हणताना मी पहिल्याच बोलावर अडखळले. बाई जवळ आल्या आणि माझ्या पाठीवर तळव्यानं ठेका देऊ लागल्या. मी त्या हाताबरोबर पुन्हा सुरू केलं. मग त्या माझ्या कानाशी वाकल्या.

"बाई सांगतात, सावकाश," मी सगळ्यांना सांगितलं. "घाई करू नका, म्हणतात."

क्लास तेव्हापासून असाच चालतो. जी जवळ असेल तिच्या कानात बाई सांगतात, ती मोठ्यानं म्हणते. आवाज परत येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे.

परवा क्लास सुटल्यावर मी बाईंना धरून जिना उतरवत होते. मध्येच त्या थांबल्या. मी कान जवळ नेला.

"सपनात माजो आवाज माका ऐकाक येता," त्या म्हणाल्या.

सवयीनं ते मोठ्यानं सांगायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं. त्यांचा हात घट्ट धरला. आम्ही उरलेल्या पायऱ्या उतरलो.