मामांचा गौडा आणि आमचा डबा

मी आयुष्यात एकदाच मेण खाल्लं आहे, आणि तेही तारीफ करत करत. आमच्या हिच्या मामांनी गौडा चीजचा एक काप बशीत घालून पुढे केला होता. कडेला तांबडी, मेणाची साल. मी सालीसकट तोंडात टाकला, बराच वेळ चघळला आणि म्हणालो, "वा मामा, चिवट आहे, पण दमदार." मी गिळेपर्यंत मामा थांबले. मग हात जोडून म्हणाले, "जमाईबाबू, चीज आत होतं. तुम्ही तारीफ पॅकिंगची केलीत."

अख्ख्या इंदुरात चीजपुढे चपला काढून उभा राहणारा हा एकच माणूस असेल. त्यांचे पणजोबा संस्थानच्या दरबारात भालदार होते म्हणे, येणाऱ्याची ललकारी द्यायचे. दरबार गेला, भाला गेला, आवाज तेवढा मामांकडे आला. बडा गणपतीजवळच्या त्यांच्या दोन खोल्यांत तुम्ही रविवारी पोहे खायला गेलात, की आधी लाकडी पाट निघतो, मग फ्रीजमधून चीज निघतं आणि ललकारी होते, "गौडा बाहेर आलाय! एक तास कोणी हात लावायचा नाही!" थंडगार चीजला चव नसते, त्याला थोडं माणसांत बसू द्यावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. तेवढ्यात पोहे गार होतात, त्याचं त्यांना काही नाही. मग पातळ काप, तेही आतल्या टोकापासून थेट सालीपर्यंत, म्हणजे मऊ भाग एकाला नि कडक दुसऱ्याला असा अन्याय नको. "कोवळा गौडा दुधाळ. जुना म्हणजे जरा जास्त परतलेला मावा. डोळे मिटा भिया, मिटा!" आम्ही मिटतो. सियागंजातल्या दुकानदाराला चीज गुंडाळायला चार तऱ्हेचे बटर पेपर काढायला लावून, एकेक कानाशी चुरगाळून ऐकणारं गिऱ्हाईकही हेच.

या सगळ्याचं मूळ त्यांच्या मुलीत. ती हॉलंडला असते, दर सहा महिन्यांनी येते आणि येताना गौडा आणते. मामी गेल्यानंतर ती पहिल्यांदा आली, तेव्हा फ्रीजरमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत आदल्या खेपेच्या चीजचा भुगा सापडला. हसत हसतच म्हणाली, "बाबा, एक चीज जपता येत नाही तुम्हाला, स्वतःला काय जपणार? चला माझ्याबरोबर." मामा हसले नाहीत. त्यांना इंदूर सोडायचं नव्हतं. पुढच्या खेपेला तिच्यापुढे ठणठणीत तुकडा ठेवायचा, म्हणजे तो विषयच संपला, असं त्यांनी ठरवलं. एक मोठा तुकडा बाजूला काढला. दर आठवड्याला कागद बदलायचा, कुठे बुरशी दिसलीच तर तेवढंच खरवडायचं, आणि फ्रीजमध्ये भाजीच्या खणात हलक्या हातानं ठेवायचा. स्वतःची ब्लडप्रेशरची गोळी विसरायचे, कागद नाही.

ती यायला आठ दिवस उरले आणि मामांचा फ्रीज बंद पडला.

मामा पलासियाला आमच्या घरी रिक्षानं आले, तुकडा मांडीवर घेऊन. "स्कूटरवर हादरे बसले असते. जमाईबाबू, इज्जत का सवाल आहे." ही ऑफिसला निघाली होती. दारातूनच म्हणाली, "वरचा स्टीलचा डबा घ्या. पण आधी नीट घासा, त्यात जीरावन होतं." जीरावन म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा आमचा इंदुरी मसाला, हिंगापासून लवंगेपर्यंत सगळं त्यात. मी डबा नळाखाली धरला आणि तुकडा त्यात घालून आमच्या फ्रीजमध्ये ठेवला. पाणी वाहिलं म्हणजे घासणं झालं, ही माझी लग्नाआधीपासूनची समजूत.

आठ दिवसांनी मामांच्या घरी पाट मांडला, मुलगी समोर बसली, ललकारी सुरू झाली आणि मी डबा उघडला. ललकारी अर्ध्यात तुटली. खोलीभर जीरावन! हिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पाटाकडे पाहू लागलो.

"बाबा, हा कसला वास?" मुलीनं विचारलं.

'जावयानं घोळ केला' एवढं म्हटलं असतं तरी मामा सुटले असते. पण ते खालच्या आवाजात म्हणाले, "मीच ठेवलं गं. चुकलं कुठेतरी."

"नाही, नाही, डबा मी..." मी कबुलीला लागलो.

"जिजाजी, एक मिनिट." तिनं काप तोंडात टाकला होता. डोळे कोणी न सांगता मिटले होते. मग दुसरा काप. तिसरा. "आई पोह्यांवर जीरावनचा हात झटकायची ना, तसं लागतंय." तिनं पाट मामांकडे सरकवला. "अर्धा बांधून द्या बाबा. तिकडे असा मिळत नाही."

मामा कागदाच्या घड्या घालू लागले, एकेक कोपरा दाबत. ती त्यांच्या हातांकडे बघत राहिली. 'चला माझ्याबरोबर' हे त्या खेपेला ती विसरली, की विसरल्यासारखं केलं, कोण जाणे.

घरी आल्यावर मी लाजेनं तो डबा राखेनं, साबणानं, जे सापडेल त्यानं घासायला बसलो. हिनं तो माझ्या हातातून काढून घेतला, नाकाशी नेला.

"राहू द्या," ती म्हणाली. "मलाही आत्ताच आठवलं. यातलं जीरावन मामींनीच भरून दिलं होतं. शेवटचं."